शिबिराचं गाव आणि मुलांची गावं

विट्याकडच्या एका महाविद्यालयात नुकताच राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यभार हाती आलेल्या एका मॅडमनी विचारलं आहे: "दरवर्षी दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर होतं. रस्ता झाडतो, बंधारा घालतो, व्याख्यानं होतात. अहवालात 'ग्रामीण नेतृत्व विकास' असं लिहितो. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलं तर आम्हाला कुणी ओळखतही नाही. विद्यापीठाच्या अशा उपक्रमातून गावात खरंच कुणी पुढारपण करणारं तयार होतं का? होत असेल तर कसं?"

मॅडम, होतं. पण बहुतेक वेळा ते शिबिराच्या गावात होत नाही. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण-खटावच्या बाजूला, मी दोन वेळा मिळून सात वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो आणि बाकीची वर्षं नुसताच मदतीला. त्यातून जे कळलं ते सांगतो. बरंचसं चुकून कळलेलं आहे.

आधी त्या 'दत्तक' शब्दाबद्दल. मला तो कधीच पचला नाही. दत्तक लेकरू घेतात. ज्याला स्वतःची ग्रामपंचायत आहे, विकास सोसायटी आहे, दोन डेअऱ्या आणि तीन गट आहेत, ते गाव आपण कसं दत्तक घेणार? कागदावर लिहावं लागतं म्हणून लिहा, पण गावात गेल्यावर तोंडातून काढू नका. एका गावात मी भाषणात तो शब्द वापरला, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "आमी काय अनाथ हाय व्हय?" त्यानंतर पुन्हा वापरला नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या कॉलेजात सकाळी पहिल्या मुक्कामी गाडीनं येणारी मुलं साडेसातलाच फाटकाशी उभी असायची. पहिलं लेक्चर चुकलं की कारण ठरलेलं: एसटी आली नाही. वर्षानुवर्षं आम्ही सगळे प्राध्यापक याकडे हजेरीची अडचण म्हणून बघत होतो. एकदा मी सहज शंभर स्वयंसेवकांच्या गावांची नावं फळ्यावर लिहायला सांगितली, तर तीसच्या वर गावं निघाली. म्हणजे तीसेक ग्रामसभांचे होऊ घातलेले सभासद रोज आमच्या वर्गात येऊन बसत होते. आणि आम्ही त्यांना टेम्पोत घालून, त्यातल्या कुणाचंच नसलेल्या एकतिसाव्या गावात 'सेवा' करायला नेत होतो!

त्या दिवसापासून मी मनाशी एक फरक केला. शिबिराचं गाव ही शाळा आणि मुलाचं स्वतःचं गाव ही परीक्षा. शिबिरात मुलगा शिकतो: मोजायला, विचारायला, चारचौघांत बोलायला. पुढारपण तयार व्हायचं तर ते त्याच्या स्वतःच्या गावात होणार, कारण तिथंच त्याला राहायचं आहे, तिथंच त्याच्या बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागणार आहे आणि तिथंच लोक त्याला त्याच्या बापाच्या नावानं ओळखतात.

शिबिर शाळा म्हणून कसं चालवावं, हे मला एका फजितीनं शिकवलं. पहिल्या वर्षी आमचं शिबिर जानेवारीत होतं. परीक्षा आणि स्नेहसंमेलन यांच्या फटीत ते तिथंच बसतं, तुमच्याकडेही तसंच असणार. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. पन्नास पोरं, तीन दिवस, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, तोंडं शिवून, दोन थर आडवे, एक उभा. बांध देखणा झाला. पलीकडच्या काठावर मेंढरं घेऊन एक म्हातारबाबा उभे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जवळ आले, बांधावर काठी आपटून बघितली आणि म्हणाले, "मास्तर, बांध झ्याक झालाय. आता पाणी कुठनं आणायचं?"

वनराई बंधारा पाऊस सरताना घालायचा असतो, ओढा वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वाहतं पाणी अडलं की शेजारच्या विहिरींना टिकतं, रब्बीला एखादं पाणी जास्त मिळतं. जानेवारीत माणदेशातला ओढा ठणठणीत असतो. हे त्या बाबांना पहिल्या दिवशीच माहीत होतं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अहवालात 'बंधारे: १' असं गेलं आणि विद्यापीठानं ते मान्यही केलं. पुढच्या पावसाच्या पहिल्याच पुरात पोती वाहून गेली.

त्यानंतर मी कामाचं वेळापत्रकच फिरवलं. बंधारा घालायचा तर दिवाळीच्या सुट्टीत, वीस पोरं, दोन दिवस, नियमित कामाच्या तासांत धरून. वर्षाला १२० तास असतातच, ते परिसर झाडण्यात संपवायचे नसतात. जानेवारीच्या शिबिरात आम्ही खोरी-फावडी कमी केली आणि मोजमाप सुरू केलं. एक सुतळी, टोकाला दगड, दर फुटाला गाठ. जोडी-जोडीनं पोरं गावातल्या विहिरींवर जायची. सुतळी सोडायची, ओली किती झाली ते बघायचं, वहीत लिहायचं आणि मालकाला विचारायचं: मे महिन्यात किती राहतं? बोअर किती मारल्या? किती लागल्या? विहिरीवर गेलं की माणूस बोलतो. सर्व्हेचा फॉर्म घेऊन दारात गेलं की तोच माणूस 'घरी कोण नाही' म्हणतो.

सहाव्या दिवशी देवळाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावायचा. त्यावर एकच हिशोब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ४०० मिमी धरला तर ४०० कोटी लिटर. हा आकडा एका एफ.वाय.च्या पोरीनं माइकवर वाचला तेव्हा सगळी बसलेली मंडळी हसली. मग ती म्हणाली, "तरी मार्चमध्ये टँकर येतो. मग गेलं कुठं?" कुणी हसलं नाही. तो प्रश्न माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा गावात जास्त दिवस राहिला. ही पद्धत काही माझा शोध नाही. पाणलोटाचं काम करणारे सगळे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि २०१८ साली माणमधलं टाकेवाडी. त्या गावांतल्या कुणालाही विचारा, आधी गावातली माणसं प्रशिक्षणाला गेली, खोरी नंतर हातात आली. आम्ही कॉलेजवाले बरोबर उलटं करतो.

जेवणाचं एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो. शिबिराला आचारी लावू नका. कालवण शाळेत करा, भाकरी गावातून येऊ द्या, आणि त्या आणायला रोज वेगळी जोडी वेगळ्या आळीत, वेगळ्या वस्तीवर पाठवा. एकही वस्ती सुटता कामा नये. कोणत्या घरातून कोण भाकरी घेतं आणि कोण कुरकुर करतं, हे तिसऱ्या दिवसापर्यंत कळतं, आणि मग रात्री त्यावर बोलायचं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. आपण त्याच जिल्ह्यात शंभर वर्षांनंतर बसायची जागा आधीच आखून घेत असू, तर श्रमदानाला काय चाटायचं?

आता परीक्षेचा भाग, म्हणजे मुलाचं स्वतःचं गाव. इथं मी पुष्कळ लिहिणार आहे, कारण खरं काम इथंच आहे.

पहिली पायरी अगदी कोरडी आहे: मतदार यादी. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. आमच्या शंभर स्वयंसेवकांपैकी निम्म्यांची नावंच यादीत नव्हती. अठरा पूर्ण होऊन गेली होती, घरी कुणी लक्ष दिलं नव्हतं. मुलींचं तर 'लग्न झाल्यावर तिकडंच लावू' असं सरळ उत्तर. आता नाव नोंदवायला जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नमुना ६ भरायचा एक दिवस कॉलेजात ठेवा. हे झाल्याशिवाय पुढचं सगळं हवेत.

दुसरी पायरी कागद वाचण्याची. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) केंद्राकडून गावाला आलेल्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच खर्चायचा होता, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. गावाचा विकास आराखडा आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, मोबाइलवरसुद्धा. राज्यशास्त्राची आमची मुलं पंचायतींना अधिकार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती पाठ म्हणायची आणि आपल्या गावाचा आराखडा कधी बघितलेला नसायचा. मी वर्गात एक शनिवार फक्त हेच करायचो: प्रत्येकानं आपलं गाव उघडायचं आणि खर्चाच्या तीन ओळी वहीत उतरवायच्या. 'अरे, ही गटार तर झालीच नाही' असं कुणीतरी म्हणायचंच.

आणि इथंच सावध राहायला हवं. मी एकदा राहिलो नाही. एका हुशार पोराला अशीच न झालेली गटार सापडली. मी त्याला शाबासकी दिली. तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "हे पैसे कुणी खाल्ले?" पुढच्या पंधरा दिवसांत त्याच्या वडिलांच्या दुधाला डेअरीत फॅट कमी लागायला लागली. सोसायटीत कर्जाचं नवं-जुनं अडकलं. वडील कॉलेजात आले, माझ्यापुढे बसले आणि एवढंच बोलले, "सर, तुमी संध्याकाळी साताऱ्याला जाता. आमाला तितंच ऱ्हायचंय." गटार, कळलं ते पुढं, झाली होती. दुसऱ्या आळीत झाली होती, नोंद चुकीच्या नावानं होती. पोरगं गावात पुन्हा बोललं नाही. तो दोष माझा.

त्यातून तीन नियम घातले. एक, ग्रामसभेआधी ग्रामसेवकांकडे जायचं (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच) आणि तोच प्रश्न तिथं विचारायचा. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. दोन, पहिल्या वर्षी कुणाच्या चुकीबद्दल बोलायचंच नाही, फक्त माहिती मागायची किंवा मागणी मांडायची. तीन, एकट्यानं उभं राहायचं नाही. सोबत किमान चार घरं हवीत आणि ती एकाच भावकीतली नकोत.

हे नियम पाळून काय होतं ते एका मुलीचं सांगतो. खटाव तालुक्यातलं गाव, वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशोब लिहायचे, आई बचत गटात. मुलगी एस.वाय.ला, वर्गात तोंड न उघडणारी. तिनं महिला व बालकल्याणाचे १० टक्के कशावर गेले एवढंच शोधलं. भाऊसाहेबांनी रजिस्टर दाखवलं: अंगणवाडीला पंखा. ती आईच्या गटातल्या चौघींना घेऊन अंगणवाडीत गेली. पंखा होता, नवा, वर टांगलेला. अंगणवाडीला वीजजोडणीच नव्हती.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत तिची नुसती सह्यांची वही फिरते. या वेळी बचत गटाच्या वीस-बावीस बायका खरोखरच आल्या. मुलगी वहीतून वाचत होती, हात थरथरत होता. "पंखा घेतल्याबद्दल ग्रामपंचायतीचे आभार. त्याला लाईट कधी मिळणार, हा ठराव घ्यावा." भाऊसाहेब हसले, सरपंच हसले, बायका तर हसल्याच. कुणाचा अपमान झाला नाही आणि ठराव लिहिला गेला. जोडणी यायला पुढं आठ महिने गेले, मधे दोनदा आठवण द्यावी लागली, आणि ती आठवण मुलीनं नव्हे, तिच्या आईनं दिली. हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलगी पुढं लग्न होऊन पुण्याला गेली. आई आता दुसऱ्यांदा ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या अहवालात आईला रकानाच नव्हता.

तुमच्या भागात तर हे अधिकच लागू आहे. खानापूर-आटपाडीची कर्ती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेली. गावात उरतात म्हातारी माणसं, बायका आणि शिकणारी पोरं. जत्रेला गलाईवाले येतात, देवळाला देणग्या देतात आणि परत जातात. रोजचं गाव बायका चालवतात. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, त्यामुळे खुर्चीही आहे. अडतं ते कागद वाचण्यापाशी, आणि कागद वाचणारी पोर त्याच घरात आहे. तिला आणि तिच्या आईला एका कामात गुंतवता आलं तर शिबिरं नाही झाली तरी चालतील, असं मी म्हणेन. प्राचार्यांपुढे असं म्हणू नका.

ग्रामसभेच्या गणपूर्तीचंही मुलांना शिकवा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. ती जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा माणसांत वर्षाचे ठराव होऊन जातात. म्हणून कधी कधी मुलांनी काहीही न बोलता नुसती शंभर माणसं आणून बसवणं, हेच मोठं काम असतं. आमच्या एका पोरानं त्यासाठी भजनी मंडळाला धरलं. सभा संपल्यावर भजन, असं जाहीर केलं. गर्दी झाली.

बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांनी कुठं थांबायचं, याचं उदाहरण तुमच्याजवळच येरळेवर आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बांधलेलं बळीराजा स्मृती धरण. अभियंते, विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते मदतीला होतेच. पण नदीतली वाळू विकून पैसा उभा करायचा आणि पाण्यावर भूमिहीनांसह सगळ्यांचा सारखा हक्क ठेवायचा, हा निर्णय गावकऱ्यांच्या आंदोलनातून आला. आकडेमोड बाहेरच्यांनी करावी, वाटप गावानं ठरवावं. पोरांना एक दिवस तिथं न्या, आणि बंधाऱ्याचे फोटो काढायच्या आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसवा.

नव्या शैक्षणिक धोरणात हे सगळं बसवायला जागा झाली आहे, तीही वापरा. कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टला श्रेयांक मिळतात. आमच्या वेळी हे सगळं फुकटात करायचो. मात्र धोका असा की साठ मुलं एकाच गावावर तुटून पडतात आणि साठ सारख्या प्रश्नावल्या भरून आणतात. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं गाव द्या. विषय लहान ठेवा: एक अंगणवाडी, एक स्मशानशेड, एका वस्तीचा नळ. गुण देताना अहवालाची पानं मोजू नका. पोराला तोंडी विचारा: कुणाकुणाला भेटलास, कोण रागावलं, पुन्हा जाशील का? ज्याच्यावर कुणीच रागावलं नाही तो बहुधा गेलेलाच नसतो.

तुमचा कार्यभार तीन वर्षांचा, फार तर चार. सगळी गावं धरू नका, चारच धरा. जिथून पाच तरी मुलं येतात अशी, त्यात मुली असलेली, आणि शक्यतो एकमेकांपासून लांब. म्हणजे एका गावातलं राजकारण दुसऱ्यात शिरणार नाही. ही गावं शोधायला सर्व्हे वगैरे करू नका. एसटीच्या पासासाठी मुलं कॉलेजच्या ऑफिसातून दाखला नेतात. त्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाचं गाव लिहिलेलं असतं. ते एका संध्याकाळी क्लार्कभाऊंकडून मागून घ्या. फक्त जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात नको, तेव्हा त्यांच्या खिडकीपुढे एवढी रांग असते की ते प्राचार्यांनाही रजिस्टर देत नाहीत.